जाड पुस्तकांचे कपाट

कमिटीने पुस्तके निवडली. यमुनाबाईंनी हात धुतले, कपाटाची किल्ली हेडबाईंच्या टेबलावर ठेवली आणि त्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कळले, त्या करकंबला भावाकडे गेल्या.

परवा करकंबहून कार्ड आले. कोपरा फाडलेला होता, म्हणजे यमुनाबाई गेल्या हे वाचण्याआधीच कळले. मी त्यांच्या नात्याची नाही, मला सुतक नाही. डोक्यावरून पाणी घेतले आणि ऊन चढायच्या आत घराबाहेर पडले. कुठे जायचे ते ठरवले नव्हते. पाय शहराच्या पूर्व भागाकडे वळले, आणि पूर्व भागात माझ्या ओळखीचे ठिकाण एकच, ती शाळा.

गल्लीत सुताला खळ लावायची पांजणी चालली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेले सूत, दोन्ही बाजूंनी खळीचे कुंचले फिरवणारी माणसे, आणि मधून वाट काढणाऱ्या शेळ्या. खळ उन्हात आंबली की तिला एक वास येतो. नवख्या माणसाला तो सोसत नाही. मला तो कधीच घाण वाटला नाही. तो पोटापाण्याचा वास आहे. गटारातून रंगाचे पाणी वाहत होते, आधी गुलाबी, पुढच्या घरापाशी हिरवे, आणि कोपऱ्यावर दोन्ही मिळून नाव नसलेला रंग. घराघरातून मागांचा खटखटाट. वाटले, मी शाळा सोडल्यापासून बारा वर्षांत काहीच बदलले नाही, फक्त माझे गुडघे.

घाण मला वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. कुणी बोट जिभेला लावून पुस्तकाचे पान उलटले की मला तिथे बसवत नाही. समोर कोण आहे हे मी बघत नाही, उठून जाते. लोकांना वाटते म्हातारी होत चालली, सोवळे वाढले. सोवळ्याचा याच्याशी संबंध नाही.

शाळेत आता नव्या हेडबाई आहेत. मी कपाटाविषयी विचारले तेव्हा त्यांना हायसेच वाटले.

"ते होय? मागच्या खोलीत आहे. हवं तर घेऊनच जा बाई. वास मारतं. मुली नाकाला पदर लावून तिथून जातात."

शिपाई रामा मात्र जुनाच. त्याने कुलूप हिसडून काढले आणि मला हाताने मागे सारले. "जरा लांबनं बघा बाई. लई उंदरं हायत."

दार उघडले. उंदराच्या मुताचा, झुरळांचा आणि खवट तेलाचा वास एकदम अंगावर आला. खालच्या फळीवर कागदाचा एक लगदा होता, वर पिलांचे घरटे. मी पदर नाकाला लावला नाही. उभी राहिले. या खालच्या फळीला एकेकाळी नव्या फडक्याचा आणि धुतलेल्या हातांचा वास होता, हे सांगायला आता मी एकटीच उरले आहे.

यमुनाबाई त्या शाळेत पहिलीला शिकवत, मी बिगरीला. मुली त्यांना थोरल्या बाई म्हणत, मला धाकट्या बाई. त्या ट्रेनिंग झालेल्या, बालविधवा, उंच, आवाज असा की वर्गाबाहेर ऐकू येऊ नये. वैराग, माढा, करकंब अशा गावांत त्यांच्या बदल्या झाल्या होत्या. जिथून निघत तिथून शाळेने टाकून दिलेली वाचनाची पुस्तके मागून आणत. फाटकी, निखळलेली, कव्हर गेलेली. लोक बदलीच्या गावाहून भांडी आणतात, या पोथडे आणीत.

आमच्या बहुतेक मुली कोष्ट्यांच्या. घरी तेलुगू, रस्त्यावर मराठी. अशा मुलीच्या हातात पहिल्यांदा कोणते पुस्तक द्यायचे, मग कोणते, त्याच्या पुढचे कोणते, यावर यमुनाबाईंचे सगळे लक्ष. पुस्तकावर छापलेला आकडा त्या मानीतच नसत. "पहिले पुस्तक" असे छापलेले पान त्या काढून टाकत आणि पुस्तकाला साडीच्या धडप्याचे फडके घालत. आठ-नऊ वर्षांची मुलगी उशिरा शाळेत येते, तिच्या हातात "पहिले" दिसले की धाकटी बहीण हसते. ते हसू वाचवायला फडके. सोप्या पुस्तकांना हिरवे, मग पिवळे, मग जांभळे. खालच्या फळीवर हिरवी, आणि ती सगळ्यांत जाड.

मी नवी होते तेव्हा मला ते उलटे वाटले होते. त्या म्हणाल्या, "अगं, उघडून बघ तरी." उघडले. एका पानावर एकच ओळ, अक्षरे करवंदाएवढी. म्हणून जाड. ज्या पुस्तकात प्रकाशकाने कागद वाचवला ते पातळ, आणि त्यातली अक्षरे मुंग्यांच्या रांगेसारखी, जोडाक्षरांनी गच्च. "आणि हे बघ," त्या म्हणाल्या, "जाड पुस्तक संपवलेली मुलगी घरी कशी चालत जाते ते."

पुस्तक मुलीला झेपते की नाही, हे बघायची त्यांची रीत मुलींनीच त्यांना दिली होती. मागावर सूत तुटले की ही माणसे ओरडतात, "तेगिंदी!" तुटले. कुणीतरी येते, सांधते, माग पुढे चालतो. तुटण्यात लाज नाही, ते न सांगण्यात आहे, कारण पुढे सगळे कापड बिघडते. एकदा वाचताना एक मुलगी अडली आणि तसेच म्हणाली, तेगिंदी. यमुनाबाईंनी ते वर्गाचेच करून टाकले. मुलगी ओळीखाली बोट ठेवून वाचायची. बोट थांबले की तेगिंदी. त्या जवळ जात, पण शब्द सांगत नसत. मुलीनेच सांधायचा. पानोपानी तुटू लागले तर पुस्तक मुकाट्याने फळीवर परत जाई आणि खालचे बाहेर निघे. एकदाही तुटले नाही तर वरचे. मुलींना यात खेळ वाटे. आमच्या वर्गात अडणाऱ्या मुलीचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

पुस्तकाला हात लावण्याआधी हात धुवायचे, हा दुसरा नियम. दाराशी घंगाळ, शेजारी राखेची वाटी. मुलींच्या बोटांचा रंग राखेने जात नसे. "रंग राहू दे," यमुनाबाई म्हणत, "चिकटपणा जाऊ दे." म्हणून आमच्या पुस्तकांच्या कडांना निळे-गुलाबी ठसे असत. घरी सूत सांधताना जिभेला लावलेले बोट चाले, शाळेत नाही. त्यावर मुलींची आपापसांत म्हण झाली होती: सुताला थुंकी, कागदाला पाणी बी न्हाय.

हिरव्या फडक्यातले सगळ्यांत लाडके पुस्तक शेळीचे. नाव मलाही माहीत नाही, कव्हर आधीच गेलेले होते. एक शेळी वैरागच्या बाजारात चुकते आणि घर शोधत निघते. एका पानावर, शेळी निघाली. पुढच्यावर, वाटेत कुत्रा भेटला. बस्स, असे. पुढचे पान कुणी कुणाला सांगायचे नाही, हा तिसरा नियम. मी एकदा एका रडणाऱ्या मुलीला सांगू लागले तर यमुनाबाई पहिल्यांदाच माझ्यावर रागावल्या. "ते पान तिचं आहे. तू का खातेस?"

वैशाखात कमिटी आली. शहरातल्या सगळ्या शाळांना एकच वाचनमाला लावायची, कोणत्या वर्गाला कोणते पुस्तक ते आमच्या शाळेत बसून ठरवायचे. हेडबाईंच्या खोलीला वाळ्याचा पडदा लागला, आत सतरंजी, तक्के, पानाचे तबक. अध्यक्ष रावसाहेब, सोबत एक वकील आणि मान डोलावणारे दोघे-तिघे. समोर पुस्तकांचा ढीग. आम्हा बायकांना दाराशी उभे केले होते.

रावसाहेबांनी तोंडात विडा धरला होता. ते पुस्तक उचलत, बोट विड्याच्या रसात बुडवल्यासारखे जिभेवर फिरवत आणि पान उलटत. पुन्हा बोट, पुन्हा पान. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर तांबूस ओला चट्टा उमटे आणि खालच्या पानाला चिकटे. सुटताना बारीक आवाज येई. मी यमुनाबाईंकडे पाहिले. त्यांनी पदराखाली हात घट्ट धरले होते.

वाचत ते काहीच नव्हते. जाडी बघत होते. पातळ पुस्तके एकीकडे, जाड दुसरीकडे, मधली मध्ये.

"झालं," रावसाहेब म्हणाले. "हे पातळ पहिलीला. लहान पोराला लहान पुस्तक, मोठ्याला मोठं. यात चर्चा कसली? पोटाप्रमाणे भाकरी."

यमुनाबाई पुढे झाल्या. "रावसाहेब, तान्ह्या मुलाला निजायला आपल्यापेक्षा जास्त जागा लागते. ते लोळतं."

वकील हसले. "बाईंनी पाळण्यातच शाळा घातली की!" सगळेच हसले. यमुनाबाईंनी ते पातळ पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरले. "अक्षर बघावं. केवढं बारीक आहे."

रावसाहेबांनी चष्मा चढवला, पुस्तक लांब धरले, जवळ धरले. "मला दिसत नाही हे खरं. पण चाळिशी मला लागली आहे, बाई. पोरांची नजर चांगली असते. त्यांना मोठं अक्षर हवं कशाला? मोठं अक्षर माझ्यासाठी ठेवा!"

पुन्हा हशा. तो हशा माझ्या कानातून गेलेला नाही. खोलीत वाळ्याचा थंड वास होता, कात-चुन्याचा होता, आणि इतकी शिकलेली माणसे मनापासून हसत होती.

यमुनाबाईंनी शेवटचा उपाय केला. पहिलीतल्या राजव्वाला बोलावले. मुलगी जेमतेम आठ वर्षांची, निळ्या बोटांची, शेळीच्या पुस्तकात निम्म्याहून पुढे आलेली. तिने हात धुऊन पुस्तक उघडले आणि बोट ठेवून वाचू लागली. सगळ्यांसमोर, न घाबरता. शेळी चालली. ऊन तापले. पुढे नदी आली. मग बोट थांबले. राजव्वा नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "तेगिंदी!"

"हे काय?" वकील ताठ झाले. "मराठी शाळेत तेलुगू चालतं का?"

यमुनाबाई सांगू लागल्या. कुणी ऐकले नाही. तोवर राजव्वाने आपले आपण सांधले, "काठावर! शेळी काठावर उभी राहिली!" आणि इकडे तिकडे पाहिले. शाबासकी मिळाली नाही. रावसाहेबांनी तिच्या हातात पातळ पुस्तक दिले. त्यातली पहिली ओळ होती, उद्योगशील बालक सर्वांस प्रिय होतो.

"उ," राजव्वा म्हणाली. "तेगिंदी." बोट पुढे सरकले. "तेगिंदी." मग वर बघून म्हणाली, "बाई, ह्यातलं समदंच तुटतंय की वो."

"बघा," रावसाहेब म्हणाले, "हिलाच या पुस्तकाची जास्त गरज आहे." आणि शेळीचे पुस्तक जवळ ओढून, सवयीने बोट जिभेवर नेऊन, त्यांनी तेच पान उलटले.

"आजोबा," राजव्वा ओरडली, "थुंकी लावू नका की! पान मरतंय."

आता कुणी हसले नाही. हेडबाईंनी मुलीला दंडाला धरून बाहेर नेले. पुढे फार वेळ लागला नाही. पातळ माला पहिलीला, आणि शाळेतली इतर सर्व पुस्तके वर्गातून काढून कुलपात ठेवावीत, असे ठरले. मग चहा आला. यमुनाबाई वर्गाच्या दाराशी गेल्या, घंगाळातून पाणी घेतले, राखेने हात घासले. त्यांचे हात स्वच्छ होते. तरी त्या बराच वेळ घासत राहिल्या.

राजव्वा दुसऱ्या दिवशी हात धुऊन कपाटापुढे बसली. कुलूप होते. आठवडाभर ती येऊन बसायची. मग यायची बंद झाली. तिच्या मागोमाग आणखी काही. रिकाम्या जागांवर नवे पातळ पुस्तक नुसते पडून असे. आता पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता. मी वर्षानुवर्षे ते शिकवले. उद्योगशील बालक सर्वांस प्रिय होतो. आज्ञापालन हे भूषण होय. मुली सुरात म्हणत, पुस्तक बंद असले तरी म्हणत, इन्स्पेक्टर खूश होत. बोट कुणी ठेवत नव्हते. ठेवायला कारण नव्हते. तेगिंदी हा शब्द वर्गातून गेला. कुणीच अडत नव्हते, कारण कुणीच वाचत नव्हते. त्या पुस्तकाची ओळ न ओळ मला आजही पाठ आहे. तापात मी तीच बडबडते, असे भाची सांगते. माझ्या डोक्यातली इतकी जागा त्या पुस्तकाने खाल्ली, याची मला शिसारी येते.

कमिटी आली त्याच्या पुढच्या वर्षी रावसाहेब वर्ग बघायला आले. समारंभानंतर भजी होती. बशा कमी पडल्या, तेव्हा कुणीतरी मागच्या खोलीतून कागद आणले. माझ्या हातात गरम भजी आली, आणि कागदाच्या कडेला एक निळा ठसा. शेळीच्या पुस्तकाचे पान. शेवटाकडचे असावे. तेलाने कागद इतका पारदर्शक झाला होता की पुढची अक्षरे आणि मागची अक्षरे एकमेकांत शिरली होती. करवंदाएवढी अक्षरे, आणि एकही शब्द लागेना. आजूबाजूला सगळे त्याच पानांवर खात होते. रावसाहेबांनी खाऊन झाल्यावर पानाला बोटे पुसली आणि त्याचा बोळा करून खिडकीबाहेर टाकला. मी घरी येऊन ओकले. त्या पुस्तकाचा शेवट मी कधीकाळी वाचला असणारच. पण त्या दिवसापासून तो आठवायला गेले की तेलच दिसते.

परवा त्या कपाटात खालच्या फळीवरचा लगदा रामाने काठीने उलथला. त्याच्याखाली, भिंतीकडेला, एक हिरवे फडके होते. निम्मे. उंदरांनी का कोण जाणे ते सोडले होते. रामा म्हणाला, "न्हाय बाई, हात नका लावू." मी लावला. चिकट होते. आत शेळीच्या पुस्तकाची सुरुवातीची पाने शिल्लक होती. शेवटच्या शिल्लक पानावर, ओळीखाली, निळे बोट उमटलेले. आणि वरच्या कोपऱ्यात तांबूस चट्टा, इतक्या वर्षांत काळा पडलेला. दोन्ही एकाच पानावर. मी चट्ट्याचा कोपरा नखाने दुमडून फाडला आणि रस्त्यावर येऊन टाकला.

परतताना पांजणीच्या गल्लीत एका दारातून हाक आली. "धाकट्या बाई न्हवं का?"

मागावर बसलेली तरुण बाई खाली उतरली. कपाळावर मोठे कुंकू, कडेला चार-पाच वर्षांची मुलगी. मी ओळखले नाही. बोटे ओळखली.

"राजव्वा?"

"व्हय की! आन थोरल्या बाई कशा हायत?"

मी सांगितले. तिने हातातले सूत खाली ठेवले. मग म्हणाली, "बाई, लई वर्सं झाली, एक इचारायचं राहिलंय. ती शेळी पार गेली का वो?"

"मला आठवत नाही गं."

"तुमी बाई," ती म्हणाली, "आन तुमाला आठवत न्हाई? मला आमच्या हिनं रोज इचारून खाल्लंय. काठापतूर सांगते, आन म्हनते झोप आता."

मी पिशवीतून पुस्तक काढले. तिने हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "थांबा. हात धुवून येते."

ती राखेने हात धुवून आली. मुलीचेही धुतले. उंबऱ्यात बसून तिने बोट ठेवले आणि वाचू लागली, हळू, इतक्या वर्षांनी, प्रत्येक अक्षराशी थांबत. दोनदा तुटले. दोन्ही वेळा तिनेच सांधले. मुलगी श्वास धरून ऐकत होती. ऊन तापले. पुढे नदी आली. शेळी काठावर उभी राहिली. राजव्वाचे बोट निळ्या ठशावर आले; ठसा आता तिच्या बोटाहून लहान होता. तिने पान उलटले. पुढे शिवणीचा दोरा तेवढा लोंबत होता.

"तेगिंदी," तिने मुलीला सांगितले.

ते पुस्तक आता राजव्वाच्या मागाशेजारच्या कोनाड्यात आहे. त्यात नदीपर्यंतची पाने आहेत. शेळी काठावर उभी आहे.